लाल्याची बायको आणि साहेबाचं बॉनेट

प्रिय तात्या,

सूड उगवला! म्हणून आजच लिहायला बसलो. तुम्ही गेल्याला तीन महिने झाले, एक ओळ जमली नव्हती. आज सकाळी सुपरवायझर साहेब आपल्या नव्या लाल गाडीपाशी बोंबलत होता, "किसने किया ये? पूरा पेंट खराब!" बॉनेटभर बारीक डाग. गाडी मी पुसतो, म्हणजे पहिला चोर मीच!

कुणी केलं, ते तुम्ही बरोबर ओळखाल.

दुबईतल्या अल क्वोजच्या आपल्या कामगार कॅम्पमागचा तो गळका पाइप! सगळ्या कॅम्पची गळती तुम्ही थांबवलीत, तेवढी एक ठेवलीत. दापोलीचा असला लबाड प्लंबर मी दुसरा पाहिला नाही. त्या पाण्याचं डबकं झालं, गवत उगवलं, आणि चतुर आले, हेलिकॉप्टरसारखे भिरभिरत.

मी फुशारकीनं म्हणालो होतो, "तात्या, तीन जाती! लाल, जांभळा, पिवळा."

"येड्या, दोनच. पिवळी ती लाल्याची बायको. रंगावर जाऊ नको रे, बसणं बघ."

मग बघायला लागलो. लाल्याचं पोट रुंद, चपटं. जांभळ्या सडपातळ, बसला की पंख पुढे पाडणार. भर उन्हात शेपटी सरळ सूर्याकडे उभी, अंगाला ऊन कमी लागावं म्हणून. आणि लाल्याला हुसकावला, तरी गिरकी घेऊन पुन्हा त्याच काडीवर! "शीक त्याच्याकडून," तुम्ही म्हणायचात. दोन वर्षांत पाच कामं सोडली होती ना मी. शारजात रंगारी होतो तेव्हा तर... जाऊ दे, भरकटलो.

मग एक दिवस डबकं बघून साहेब म्हणाला, "मच्छर होता है. यल्ला, भर दो." आणि फावडं तुमच्याच हातात दिलं, बाराच्या उन्हात! पाइपही तुम्हीच आवळलात. गप्प का बसलात हो तात्या? चतुरांची पिल्लंच डासांची पिल्लं खातात, हे मला शंभरदा सांगितलंत, त्याला एकदा सांगायचं होतं! आठवड्यात गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणतो, फावडं.

नंतर एकदा पिवळी बॉनेटवर शेपटी टेकवताना दिसली. टक, टक, टक, अंडी घालत. वर लाल्याचा पहारा. चकाकतंय म्हणजे पाणीच, असं वाटलं तिला! माझी ट्यूब पेटली. त्या दिवसापासून रोज दोनदा पॉलिश, माझे दात दिसेपर्यंत. साहेब खूश! "हबीबी, व्हेरी गुड!" मीही मनात म्हणायचो, व्हेरी गुड.

पण आज डाग पुसायला हात लावला आणि चटका बसला. अंडी करपून चिकटली होती, तात्या. सूड माझा, आणि गेली तिची पोरं. तुम्ही असतात तर कानाखाली वाजवली असतीत ना?

उद्यापासून गाडीवर कापड घालीन, वचन. पण साहेबाला सोडला असं समजू नका! तुमचा पाना माझ्याकडे आहे. तो गाडी लावतो तिथला पाइपचा जोड उद्या पाव आटा सैल होणार. होऊ दे तिथेच डबकं, रुतू देत चाकं. तो बोंबलेल, "प्लंबर को बुलाओ!"

नवा प्लंबर अजून आलेला नाही. तुमच्या जागी साहेबानं मलाच लावलंय. मी येईन, वाकून बघीन, मान हलवीन आणि म्हणीन, "हो जाएगा साब, इन्शाल्ला."

हे काम काही मी सोडत नाही, तात्या.

तुमचा येडा,
विलास