येऊ दे, येऊ दे

ता. ९ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय वहिनी,

वहिनी लिहिलंय आणि खोडणार नाही. साष्टांग नमस्कार वगैरे घातला तर म्हणशील, 'आधी कंबर सरळ कर, मग साष्टांग घाल.' तेव्हा साधा नमस्कार. मी मजेत आहे, तूही असावीस. फोनच करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि तू लगेच विचारतेस, 'जेवलीस का?' मग पुढचं सगळं राहतं. म्हणून पत्र.

इकडची खबरबात. आईचा गुडघा आहे तसाच, जीभही आहे तशीच. माझी नोकरी टिकली! सकाळी लॅबची गाडी घेऊन घरोघरी जाते, तपासणीसाठी रक्त काढते. म्हातारी माणसं आधी सुईकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि विचारतात, 'मोठं कोणी नाही आलं का?' काल एक आजोबा, शीर सापडेपर्यंत, मलाच धीर देत होते. अगं, जी मुलगी स्वतःच्या खोलीबाहेर पडत नव्हती ती आता लोकांच्या घरात शिरते, तेही सकाळी सकाळी. हस खुशाल.

आणखी एक बातमी आहे. ती नंतर.

परवा दादाला घेऊन बाहेर गेले होते. गाडी मीच चालवत होते. पुलाच्या चढावर आपली म्हातारी बंद पडली. (गाडी गं, आई नव्हे.) मागून हॉर्नवर हॉर्न. मी म्हटलं, 'बघ, वहिनीचा गुण लागला. तीही शिकताना नेमकी इथेच बंद पाडायची.' दादा म्हणाला, 'शिकताना? अगं, लग्नाआधी ती बेकरीची व्हॅन चालवायची. अर्ध्या गावाला पाव पोचवायची.'

पूल उतरल्यावर मी गाडी कडेलाच घेतली.

'मग तू तिच्यावर ओरडायचास ते? "क्लच आहे तो, शिलाई मशीन नव्हे" म्हणून?'

'तिनेच सांगितलं होतं ओरडायला. म्हणाली, तू नीट ओरडलास तरच तुझी बहीण माझ्या बाजूने उठून येईल.'

वहिनी, तू महाबिलंदर बाई आहेस! आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या वहिनीला गाडी शिकायला मी मदत केली.

कॉलेज सोडून दार लावून बसले होते मी. आई दाराबाहेर कधी रडायची, कधी 'नाटकं पुरे' म्हणून ओरडायची. तू एकदाही 'काय झालं' विचारलं नाहीस. किल्ली वाजवत दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'तुझ्या भावाशेजारी बसून शिकले तर एक तर गाडी मोडेल, नाहीतर संसार. तू नुसती बस गं.' (गाडी अजून धावतेय.)

आणि ते रिव्हर्स! 'मला मागचं काही कळत नाही, उतर आणि सांग.' मी उतरले. कित्येक महिन्यांनी रस्त्यावर पाय ठेवला होता. तोंडातल्या तोंडात म्हटलं, येऊ दे. तू काच खाली करून, 'ऐकू येत नाही!' मग जी ओरडले, 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स! बस्स म्हटलं ना!' तरी तू फाटकाला घासलीसच. आईने आठवडाभर तुला टोमणे मारले, तू मान खाली घालून ऐकलेस. खरं सांग, तेही ठरवून ना?

पुलावरच्या त्या दिवसाबद्दल मी पुन्हा कधी बोलले नाही, तुझ्याशीही नाही. गाडी बंद पडलेली, तू समोर बघत होतीस, मीही समोर. म्हणूनच बोलता आलं. मी म्हटलं, वहिनी, मला जगायचंच नाही. तू हँडब्रेक ओढलास. मागचे लोक हॉर्न बडवत होते. म्हणालीस, 'वाजवू दे त्यांना. तू बोल.' आणि शेवटी, 'उद्या डॉक्टरकडे जाऊ. गाडी मी चालवणार, म्हणजे उशीर ठरलेला, लवकर आवर.' रडता रडता हसले होते मी.

आभार मानले तर चिडशील. चीड. मी आज आहे ती तुझ्यामुळे आहे, आणि हे एकदा तुला लिहून द्यायचंच होतं.

दादाही म्हणाला, 'आमचं बाकी काही जमलं नाही. तेवढं एक नाटक मात्र दोघांनी मिळून चांगलं वठवलं.' मग उगाचच खिडकीची काच खाली-वर करत बसला.

आता ती बातमी. दादा पुन्हा लग्न करतोय, पुढच्या महिन्यात. बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. मुलगी चांगली आहे. नावं ठेवायला जागा शोधली, सापडली नाही. आई म्हणते, 'आता हिला वहिनी म्हण आणि तिकडचं बंद कर.' मी भांडले, आणि मग सरळ त्या मुलीलाच जाऊन विचारलं. माझ्याच वयाची आहे. म्हणाली, 'बाई गं, मला नावानेच हाक मार. वहिनी ऐकलं की एकदम पन्नाशी आल्यासारखं वाटतं.' म्हणजे तो प्रश्न मिटला.

तू गेलीस त्या दिवशी टॅक्सीत बॅग ठेवता ठेवता हसत विचारलंस, 'आता मला काय म्हणणार गं तू?' मला हुंदका आवरेना, उत्तर राहून गेलं. तेव्हापासून तू मला टाळतेस. 'नको येऊस, तुझ्या घरात कटकट होईल' म्हणतेस. तुझा चांगुलपणा कळतो मला, पण तो नको आहे, तू हवी आहेस. कोर्टाने नवरा-बायको वेगळे केले. नणंद-भावजयीचं कोणी काही विचारलंच नव्हतं.

येत्या रविवारी सकाळी येते, म्हातारीला घेऊन. तुझी गल्ली अरुंद, गाडी वळत नाही, रिव्हर्सच घ्यावी लागते. मला रिव्हर्स उत्तम येतं, लॅबवाल्यांनी ते बघूनच कामावर ठेवलंय. पण त्या दिवशी मला मागचं काही कळणार नाही. तू खाली उतर आणि मोठ्याने सांग. पुटपुटलीस तर ऐकू येणार नाही.

'येऊ दे' ऐकू येईपर्यंत मी कोपऱ्यावर थांबेन.

तुझीच,
नणंद