फळा तुमच्या हातून गेला तेव्हा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी परळच्या एका हॉस्पिटलच्या बाकावर बसून तुम्हाला लिहितेय. घाबरू नका, मला काही झालेलं नाही. तुमचे जावई आत आहेत, तिसरा आठवडा चाललाय. सकाळी डबा घेऊन येते, डॉक्टर येईपर्यंत बसते, औषधं आणते, पुन्हा बसते. त्यांच्या या आजारपणात दोन वर्षांत एक धड गोष्ट लिहून झालेली नाही. जीव अगदी मेटाकुटीला आलाय. आणि अशात एका दिवाळी अंकाच्या संपादिकेने लेख मागितला, कठीण काळात लेखकाला कृतज्ञता कशी सापडते यावर. मनात म्हटलं, बाई, एक दिवस इथे येऊन बस, मग विचार. पण नाही म्हणवलं नाही. लिहायला घेतलं, तर आभार मानायला तुमच्याशिवाय कुणी आठवेना. माझं लिहिणं चाळीच्या फळ्यावर सुरू झालं, हे मी भाषणांतून नेहमी सांगते. ते खरंच आहे. ते कसं सुरू झालं, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि या लेखात ते सांगायचंच असं ठरवलं होतं.

घोडपदेवला आपल्या चाळीच्या जिन्याच्या तोंडाशी तो फळा होता. पहिल्या पाळीला जाण्याआधी तुम्ही तो लिहायचात. मिलमधून आणलेला बॉबिनचा दोरा खडूच्या भुकटीतून ओढायचा, फळ्यावर ताणून धरायचा, टिचकी मारली की सरळ रेघ. दुसरं टोक धरायला मी. मग त्या रेघांवर तुमचं ते ठाशीव अक्षर : कोण वारलं, किती वाजता न्यायचं, पाणी कधी येणार नाही, कुणाची मुलगी दहावी पास झाली. मिलमध्ये तुम्हाला नुसतं 'ए' म्हणून हाक मारायचे, चाळीत मात्र फळ्यामुळे तुम्ही मास्तर होतात. संप सुरू झाला, पाळी गेली, तरी तुम्ही त्याच वेळेला उठून, आंघोळ करून फळ्यासमोर उभे राहायचात. आई म्हणायची, हा फळा नसता तर यांनी अंथरूणच धरलं असतं. ती उगाच काही बोलायची नाही.

संपाच्या दुसऱ्या वर्षी आपल्या शेजारच्या खोलीतले काका कामावर गेले. पोलिसांच्या गाडीत बसून, मिलच्या मागच्या दाराने. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. चाळीच्या मंडळाची माणसं तुमच्याकडे आली, म्हणाली, मास्तर, याचं नाव फळ्यावर पाहिजे. तुम्ही म्हणालात, मी असलं लिहिणार नाही, आणि उठून बाहेर गेलात. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सतरा वर्षांची होते मी, कविता करायचे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी नुसतं नाव नाही लिहिलं, बाबा. चार ओळी रचल्या, यमक जुळवून. यांच्या ताटातल्या भाताला कुणाच्या घामाचा वास येतो, असं काहीतरी. लोक मोठ्याने वाचत होते, हसत होते, माझी पाठ थोपटत होते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू. पहिले वाचक ते माझे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर काकूंची बादली रांगेतून बाजूला काढून ठेवली होती. काकू रिकामी बादली घेऊन वर गेल्या. तुम्ही ते बघितलंत. घरी आलात, फडकं ओलं केलंत आणि सगळ्यांच्या देखत फळा पुसलात. मी रडत मागून आले, म्हटलं, माझं पुसू नका. रागावलात की तुम्ही मालवणीतच बोलायचात.

"तेच्या घरात आज काय शिजता, बघलंस?"

एवढंच. मी बघितलेलं नव्हतं.

पुढचं भलतंच झालं. मंडळाची माणसं म्हणाली, आज पुसतोय, उद्या हाच कामावर जाणार. तुम्ही गेला नाहीत. शेवटपर्यंत गेला नाहीत, आणि नंतर मिलनेही घेतलं नाही. पण फळा मंडळाने तुमच्याकडून काढून घेतला. खडूंचा डबा त्यांनी माझ्यापुढे धरला, आणि मी घेतला. नको म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. तुम्ही दारात उभे होतात.

मला वाटलं, आता तुम्ही फळ्याकडे फिरकणार नाही. कसलं काय! त्याच वेळेला उठून, आंघोळ करून तुम्ही यायचात, हात पाठीमागे बांधून मी लिहिलेली ओळन् ओळ वाचायचात. एकदाच बोललात. कुणी तरी वारलं होतं आणि मी चार ओळी त्यांच्या स्वभावावर लिहून मग नाव लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, कोण वारलं ते आधी लिही गो, लोकांना कामावर जायचं असतं. तेव्हा चाळीत कामावर जाणारं कोण होतं, बाबा?

तुम्ही पुढे दादरला एका दुकानाबाहेर वॉचमन झालात, खोकत खोकत गेलात. मी लेखिका झाले. ज्याच्यावर लिहितेय त्याच्या बायकोने हे वाचलं तर, हा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही. तो तुमच्या त्या ओल्या फडक्यातून आलाय. आभार मानायचे तर त्याचे. आणि रोज सकाळी येऊन वाचत होतात त्याचे. तुमचं होतं ते मी घेतलं, आणि तुम्ही एकदाही तोंड फिरवलं नाहीत. हे कसं सोसलंत, मला अजून कळत नाही.

लेख काल पाठवला. त्यात मी लिहिलंय, 'वडिलांनी माझ्या हातात खडू दिला.' आज सकाळी संपादिकेचा फोन आला. म्हणाली, ते वाक्य वाचून रडू आलं, तेच मथळ्याखाली मोठ्या अक्षरात घेतेय, चालेल ना?

मी म्हटलं, चालेल.