भल्या मंडळींचे घोडे

किलब्रॅक, केरी
४ जुलै १९६१

चि. मोर्टीस, अ. आ.

पत्र लिहायला बसले तेव्हाच पाठ म्हणत होती, राहू दे. खालचं शेत बुआखलानच्या तणाने पिवळंधमक झालंय. शिपाई सायकलवरून येऊन बजावून गेला की बी उडायच्या आत उपटा, नाहीतर कोर्टाची पायरी चढा. बाबा चुलीपाशी बसून म्हणतात, रात्री भली मंडळी, म्हणजे त्यांच्या त्या पऱ्या, त्याच झाडांवर स्वार होऊन फिरतात, त्यांचे घोडे काढून घेणारे आपण कोण? म्हणजे त्यांचा हात काही लागायचा नाही. गाई, डुकरं, बटाटे आणि बाबांचे गुडघे, सगळं माझ्याच गळ्यात. दमले रे मी. आठवडाभर ये. कॉव्हेंट्रीतल्या मोटारी तुझ्यावाचून अडणार नाहीत.

उत्तर लिहू नकोस, उत्तर म्हणून तूच ये. लोभ आहेच.

तुझी ताई
हनोरा


कॉव्हेंट्री
१४ ऑगस्ट १९६१

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. हाताचे फोड अजून बरे नाहीत आणि त्या पानांचा घाण वास काही केल्या जात नाही. कारखान्यात शेजारी बसणारा जागा बदलतो. पण शेत कसं हिरवंगार केलं, बघितलंस ना? उपटलेलं सगळं कुंपणाशी रचून ठेवलं आणि बेसला आत सोडलं. बिचारी घोडी दिवसभर माझ्या मागे मागे होती. तिला नांगराला जुंपणारं आता कोणी नाही, असं बाबा म्हणाले, तेव्हा मनात आलं की मार्चमध्ये कायमचंच परत यावं. लगाम माझ्या हाती देणार असतील तर येतो, असं त्यांना सांग. मग तू मावशीकडे जा आणि महिनाभर खुशाल झोप.

तुझ्या हातचा सोडा ब्रेड पाठवलास तर लोभ आणखी वाढेल.

तुझा
मोर्टी


किलब्रॅक
२० नोव्हेंबर १९६१

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

बेस काल गेली. बरेच दिवस खंगत होती, शेवटी भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. गुरांचे डॉक्टर म्हणाले, हिने बुआखलान खाल्लंय. मी म्हटलं, ती त्याला तोंडसुद्धा लावत नाही. तर म्हणाले, उभं असताना कडू लागतं म्हणून लावत नाही. उपटून वाळलं की कडूपणा जातो, विष राहतं, आणि ते महिनोन्‌महिने हळूहळू मारतं. मोर्टीने रचलेला ढीग आठवला आणि मी कुंपणाकडे धावले. तिथे नुसती जुनी राख होती. शेजारच्या कॉनने कधीतरी जाळलं असावं.

आता मोर्टीला कुठल्या तोंडाने लिहू? आपल्या हातून बेस मेली हे कळलं, तर तो पुन्हा घरी पाऊल टाकायचा नाही. आणि बाबांना कळलं तर लगाम त्याच्या हाती द्यायचे नाहीत. ते म्हणतात, मंडळींचे घोडे आपण उपटले, त्यांनी आपली घोडी नेली. मी नुसती मान हलवली. मावशी, मला आता रडायचाही कंटाळा आलाय.

तुझ्या जपमाळेतला एक मणी आमच्यासाठी ओढ.

तुझी
हनोरा


किलब्रॅक
३ डिसेंबर १९६१

चि. मोर्टीस, बाबाचे अ. आ.

अक्षर वाकडंतिकडं आहे, लावून घे. बेस गेली. भल्या मंडळींनी नेली. शेत उपटायला मी अडवलं नाही, तेव्हा दोष माझा. तुझ्या ताईला हेच सांगितलंय आणि तिला पटलंय. तू त्याचा विचार करायचा नाही. मार्चमध्ये ये. कॉन त्याचा घोडा देतो म्हणालाय. लगाम तुझ्या हाती.

एकच ऐक. पुढल्या वर्षी उपटलेल्याची एक काडीही शेतात ठेवायची नाही. त्याच संध्याकाळी जाळायची. का, ते मला विचारू नकोस आणि ताईला तर नकोच. कुंपणाशी तू रचलेला ढीग मी सप्टेंबरातच जाळला. जन्मात पहिल्यांदा त्या झाडाला हात लावला.

ताई फार दमलीय रे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
बाबा