उजवीकडचे उंदीर

३ फेब्रुवारी

वॉचमनने मला नाव ठेवलं – उंदीरमामा! "काय उंदीरमामा, भाचे बरे आहेत ना?" दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच. तेही फाटकापुरतं. आत प्रयोगशाळेत सगळे पांढऱ्या कोटातले, मशीनकडे तोंड करून बसलेले.

काम साधं. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं. एका पिंजऱ्यात एकच उंदीर, कुणी किती खाल्लं ते कळायला हवं म्हणून. सगळ्यांच्या पोटात गाठ, मुद्दाम केलेली. डावीकडे एक मांडणी, उजवीकडे एक; एकीवरच्यांना औषधाचे थेंब, दुसरीवरच्यांना नुसतं तेल. कुठे काय, ते मला सांगत नाहीत.

६ फेब्रुवारी

आज धीर करून प्रयोग चालवणाऱ्या मॅडमना विचारलं, त्या थेंबांत असतं तरी काय? वाटलं हसतील. नाही हसल्या.

म्हणाल्या, "अंगात चरबीचे बारीक कण असतात. निरोप पोचवतात. काही ओरडतात – पेटवा! मग सूज येते. तीही लागते, जखम भरायला. मग दुसरे येतात – पुरे, विझवा. ते आलेच नाहीत तर आत धुमसत राहतं. त्या उबेला गाठ वाढते."

म्हणजे आमच्या गल्लीतलं भांडणच की! लावणारे ढीगभर, मिटवणारा एखादा. हे थेंब म्हणजे मिटवणारे.

गावी माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, पोटातही गाठच आहे. ते काही मी बोललो नाही.

८ फेब्रुवारी

घरी फोन. "अप्पा, इथे औषध होतंय, थोडं थांबा." "मी कुठे चाललोय?" म्हणाले. आवाज बसलाय. मग नेहमीचं – सोबत कोण आहे रे तुझ्या? म्हटलं, खोलीवर आणखी चौघं आहेत, नुसता दंगा असतो!

फोन ठेवला. एक खुर्ची. एक ताट. नळ टपकत होता तो घट्ट केला – आणि वाटलं, टपकू द्यायला हवा होता.

ताईने अप्पांची खाट मागच्या खोलीत हलवलीय. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास नको, शांत पडू देत, म्हणते.

१४ फेब्रुवारी

डावीकडच्या माद्या टुणटुणीत. उजवीकडच्या बिचाऱ्या मरगळलेल्या, कोपऱ्यात पाठ करून बसतात. शेवटच्या पिंजऱ्यातलीने खाणं सोडलं. निघताना तिला शेजारणीच्या पिंजऱ्यात सोडलं. माद्या आहेत, भांडत नाहीत. एकीने दुसरीच्या अंगावर मान टाकली आणि झोपली! सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन वेगळं केलं. तिने दाणे खाल्ले होते.

१५ फेब्रुवारी

आज उजवीकडच्या सगळ्यांच्या जोड्या लावल्या. कुणाचं काय जातंय?

२ मार्च

रोज जाताना जोड्या, रोज सकाळी फारकत. वॉचमन म्हणतो, "एवढ्या लवकर? घरात बायको मारते की काय?" बायको असती तर एवढ्या लवकर कशाला आलो असतो!

उजवीकडच्या आता तरतरीत. मला फार बरं वाटतं.

१० मार्च

मॅडम खुर्चीत नुसत्या बसून होत्या. दोन्ही बाजूंचं रक्त तपासलं. सूज सारखीच, गाठीही जवळपास सारख्या. "थेंबांत दम नाही," त्या आपल्या विद्यार्थिनीला म्हणाल्या. "साध्या तेलावरचे उंदीरही तेवढेच बरे आहेत. बंद करू हे."

म्हणजे साधं तेल उजवीकडे होतं, आधी मरगळलेल्या होत्या त्यांना.

थेंब वाईट नव्हते. घोळ मी घातला.

११ मार्च

बोललो तर नोकरी जाईल. अप्पांच्या इंजेक्शनाचं काय मग? नाही बोललो तर थेंब कचऱ्यात. अप्पांना मी थांबा म्हटलंय. कशासाठी थांबतील ते?

जेवण गेलं नाही.

१२ मार्च

सांगून टाकलं. दारातच उभा राहून.

मॅडम एवढ्या जोरात ओरडतात हे माहीत नव्हतं. "एकटं ठेवलेलं जनावर आणि जोडीतलं जनावर, दोघांच्या अंगातली रसायनं वेगळी होतात! एकटेपणानेसुद्धा आत पेटतं. आता थेंबांचा गुण कुठला आणि सोबतीचा कुठला, कसं सांगू मी? सगळं पहिल्यापासून!"

पहिल्यापासून म्हणाल्या. म्हणजे बंद नाही! तेवढं धरून ठेवलं मी. मग खालच्या आवाजात विचारलं – हे अप्पांना कधी मिळेल? "कोण अप्पा?" सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "वर्षं लागतात रे. कितीतरी वर्षं. निघेलच असंही नाही."

नोकरी राहिली. उंदरांचं काम हातचं गेलं. उद्यापासून तळघरात काचेच्या बाटल्या धुवायच्या.

१३ मार्च

तळघरात खिडकी नाही. वॉचमनही दिसत नाही.

दिवसभर एकच डोक्यात – मागची खोली. दुपारी ताईला फोन केला. "अप्पांची खाट पुढच्या खोलीत घे. दाराशी." "अरे, मुलं गोंधळ घालतात तिथे!" "घालू देत. तू आजच्या आज घे." मला इतकं खेकसता येतं हे तिलाही नवीनच.

१६ मार्च

अप्पांनी स्वतःहून फोन केला. कधी करत नाहीत. मागे भाच्यांचा कल्ला, ताईची आरडाओरड, कुकरची शिट्टी. "झोप लागते आता," म्हणाले.

मग म्हणाले, "तुझे ते चौघं कधी खोकतसुद्धा नाहीत का रे?"

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," म्हणाले. "ये. खाट रुंद आहे."