चिंधीला कुठे ठेवावे याबाबत

मी कुसुम प्रकाश सोमकुंवर, वय एकाहत्तर, धंदा शिलाईकाम, राहणार पांढुर्णा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी पुढची तारीख देणेही बंद केले आहे. पण मृत्युपत्राला डोके पुरते, असे वकील श्रीकांत सांगतात. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. माझे राहते घर मुलगा आशिष, राहणार सौंसर, याला मिळावे. तो ते विकणार, हे मला माहीत आहे. विकावे.

कलम दोन. शिलाई मशीन आणि मोठी कात्री सावरगावच्या माझ्या मुलीला, करुणाला द्यावी. त्या कात्रीने कागद कापू नये. लग्नात मी शिवलेला ब्लाउज घट्ट झाला असे करुणा अजून सांगत फिरते. ब्लाउज मापाचा होता. लग्नाआधी लाडू कोण खात बसले होते, ते तिने आठवावे.

कलम तीन. बँकेतली शिल्लक दोघांनी सारखी वाटून घ्यावी. भांडण्याएवढी ती नाही.

कलम चार. माझी कुत्री चिंधी. ती पिल्लू असताना माझ्या मशीनखालच्या चिंध्यांत येऊन झोपली, म्हणून हे नाव. आता तिचे तोंड पांढरे झाले आहे. करुणाकडे कोंबड्या आहेत आणि कोंबडी दिसली की चिंधीचे भान सुटते, म्हणून तिकडे सोय नाही. करुणाला दोष नाही. राहिला आशिष. त्याच्याकडे ब्रूनो नावाचा कुत्रा आणि एक मांजर आहे. त्यात नात सायलीला आणखी एक जनावर हवे आहे. सारे घर मोबाईलवर पिल्लांचे फोटो बघते: कान कसे, रंग कसा, ब्रूनोशी पटेल का. मी म्हणाले, निवडायचेच आहे तर माझी निवडा.

"आई, पोरीले पिल्लू पाहिजे. म्हातारी कुत्री कोण आणते वो घरात?" आशिष म्हणाला.

तरी माझ्या शब्दाखातर तो एकदा तिला घेऊन गेला आणि ब्रूनो जेवत असताना थेट त्याच्या ताटापाशी उभी केली. ब्रूनोने तिचा कान फाडला. संध्याकाळी तिला परत आणून सोडताना आशिष हसत म्हणाला, "नाही जमलं तर तिगावले सोडून देऊ. स्टेशनवर खायले भेटते." त्याच्या वडिलांनीही आमचा आधीचा कुत्रा असाच तिगावला सोडला होता, असेच हसत. त्या माणसाला मी शेवटपर्यंत वाढले, पण ती गोष्ट माफ केली नाही. इथेही करत नाही.

कलम पाच. जनावरांच्या दवाखान्यातल्या बाईंनी नंतर सांगितले की आधी भेट नको, आधी वास. हिचे फडके तिकडे, त्याचे इकडे. सवय झाली की बाहेर मैदानात दोघांना दोरीला धरून फिरवायचे, आणि घर सर्वांत शेवटी. त्याप्रमाणे चिंधी ज्यावर झोपते ते फडके मी आशिषसोबत सौंसरला पाठवले आणि ब्रूनोचा टॉवेल मागवला. चिंधी आधी त्या टॉवेलवर मुतली, मग गुरगुरली, मग त्यावरच डोके टेकून झोपू लागली. इकडचे काम झाले. मी आनंदाने सुनेला, अर्चनाला, फोन लावला.

"आई, त्या फडक्याचा लय वास येऊन राहिला होता वो. गरम पाण्यात दोनदा धुतलं. मस्त वाळवून, घडी करून ठेवलं तुमच्यासाठी."

आशिष तिला सांगायला विसरला होता. दवाखान्यात माझ्या उशाशी जागलेली ही सून; तिला काय बोलू? बरं केलंस म्हणाले, आणि फोन ठेवून रडले. त्यानंतर मला खाटेवरून उठता आलेले नाही. पिल्लू ठरले आहे. दिवाळीनंतर येणार.

कलम सहा. श्रीकांत म्हणाले, "मावशी, घराले अटच लावून टाका. कुत्री सांभाळली तरच घर." मी नाही म्हणाले. घराच्या लोभाने ठेवलेल्या कुत्रीला भाकर मिळते, जागा मिळत नाही. म्हणून आशिषने चिंधीला ठेवावे ही अट नाही, विनंती आहे. ती पाळली जाईल असे मला वाटत नाही. तरी लिहिते.

कलम सात. मरताना माझ्या अंगावर जे लुगडे असेल ते फेकू नये. मेलेल्या माणसाचे कापड घरात ठेवू नये असे लोक म्हणतील, म्हणू द्यावे. त्याचे दोन तुकडे करावे. एक चिंधीला द्यावा, दुसरा सौंसरला ब्रूनोच्या जागेवर अंथरावा. चिंधी रोज माझ्या पायांना चिकटून झोपते, म्हणून त्या लुगड्याला आम्हा दोघींचा वास असेल. मी सौंसरला जायची तेव्हा ब्रूनो माझे पाय चाटायचा. माझ्या वासात त्याने तिला ओळखले तर ओळखले. दुसरा उपाय माझ्यापाशी उरलेला नाही.

अर्चना, तुझा हात स्वच्छ आहे, बाई. एवढे एक धुऊ नकोस.

वरील सर्व मजकूर मी सांगितला, श्रीकांत यांनी लिहिला, मला वाचून दाखवला. बरोबर आहे.

स्थळ: पांढुर्णा
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

सही: कुसुम प्रकाश सोमकुंवर

साक्षीदार:
१. श्रीकांत ढोके, वकील. माझ्यासमोर सही केली.
२. मंगला रामटेके, शेजारीण. माझ्यासमोर सही केली. चिंधीला सध्या मीच वाढते. माझ्या घरी मांजरी आहेत, त्यामुळे मला ठेवता येणार नाही, हे आताच लिहून देते.