तुला न विचारलेला प्रश्न

प्रिय बारके,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतेस, आणि तू हसलीस की माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. हात पुन्हा बधिर झाला नाही ना? तू दवाखान्यातून घरी येऊन तीन आठवडे झाले, तरी आई रोज सकाळी मलाच विचारते, जणू तुझी तब्येत माझ्या दुकानाच्या फळीवर ठेवलेली आहे. नवी गोळी ठरल्या वेळीच घे. ती एकाच संप्रेरकाची, म्हणजे हार्मोनची आहे, तिला सुट्टीचे सात दिवस नसतात आणि उशीर अजिबात खपत नाही. तुझ्यासारख्या विसरभोळीने मोबाइलवर गजर लावलेला बरा.

इकडे औषधांच्या दुकानात तसंच चाललंय. मालकांनी कपाटं नव्याने लावली आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा खण माझ्या हाताशी आला. बायका येतात, इकडेतिकडे बघतात, आवाज उतरवतात आणि म्हणतात, "ती गोळी द्या." त्यांना वाटतं, ती म्हणजे एकच. मग मी समजावत बसते. बहुतेक पाकिटांत दोन संप्रेरकं एकत्र असतात, एकवीस दिवस गोळी आणि सात दिवस सुट्टी. काही पाकिटं अठ्ठावीसची, त्यातल्या शेवटच्या सात गोळ्या वेगळ्या रंगाच्या. त्यात औषध नसतं, फार तर थोडं लोह, रोजची सवय मोडू नये एवढ्याचसाठी दिलेल्या. एक प्रकार तीन रंगांचा असतो. त्यात मात्रा टप्प्याटप्प्याने बदलते, क्रम चुकला की घोळ झालाच म्हणून समज. आणि एक ती, एकाच संप्रेरकाची, तू छोटीला पाजत होतीस तेव्हा घ्यायचीस ती. एवढं सांगून झालं की मी प्रत्येकीला तीन प्रश्न विचारते. रक्तदाब आहे का, सिगारेट ओढता का, आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं का. तिसऱ्या प्रश्नाला बायका हसतात. पण जिला तसं चमकतं तिला दोन संप्रेरकांची गोळी देत नाहीत, मेंदूत गुठळी अडकायचा धोका वाढतो. मालक म्हणतात, तू डॉक्टरांपेक्षा जास्त चौकशा करतेस.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. मला तुझा हेवा वाटतो. वाटायचा असं नाही, वाटतो. लहानपणी तो किरकोळ होता. तू अभ्यास न करता पास व्हायचीस. पाहुणे तुला मांडीवर घ्यायचे आणि मला पाणी आणायला पिटाळायचे. थोरल्या बहिणींच्या नशिबी तेवढं असतंच, त्याचं काही नाही. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत तुला दिवस गेले, तेव्हा मी चौथ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसले होते. तुला माहीत नसेल, मलाही त्याच गोळ्या घ्यायला लावल्या होत्या. पाळी उपचारांच्या तारखांशी जुळावी म्हणून. मूल नको असलेल्यांची गोळी मी मूल हवं म्हणून गिळत होते. असं तीन वेळा झालं आणि तिन्ही वेळा हाती काही लागलं नाही. मग तुझे भावोजी म्हणाले, आता पुरे. मी बरं म्हटलं. त्याच महिन्यात तुला छोटी झाली. तिला बघायला आले तेव्हा मी तिला फार वेळ घेतलं नाही आणि तू सगळ्यांना सांगितलंस की ताई एवढ्याशा जिवाला घाबरते. घाबरत नव्हते गं. परत द्यावी लागणार म्हणून घेत नव्हते.

मग छोटी दीड वर्षाची झाल्यावर तू चार दिवस राहायला आलीस. तिचं दूध सुटलं होतं. जुन्या गोळीने मध्येच डाग पडायचे म्हणून तुमच्या डॉक्टरबाईंनी गोळी बदलून दिली होती, आणि ती चिठ्ठी घेऊन तू थेट माझ्या काउंटरवर आलीस. दोन संप्रेरकांची गोळी, तीन महिन्यांची. बाईंनी काय काय विचारलं, असं मी विचारलं. तू म्हणालीस, एक कागद भरून घेतला, डोकेदुखीच्या रकान्यात मी 'कधीतरी' असं लिहून टाकलं. वर हसत म्हणालीस, "लवकर दे गं ताई. माझं काय, नवऱ्याने नुसतं बघितलं तरी दिवस जातात."

शेजारी उभी असलेली बाईही हसली. मी हसले. पाकिटं पिशवीत घातली आणि पिशवी तुझ्या हातात दिली.

बारके, आपण दोघी एका खोलीत वाढलो. तू पंधरा वर्षांची असताना एका दुपारी वही खाली टाकून म्हणाली होतीस, "ताई, तुझा अर्धा चेहरा दिसत नाही." नागमोडी चमकत्या रेघा यायच्या, वीसेक मिनिटं टिकायच्या, मग डोकं धरून तू गादीवर पडायचीस. खिडक्या मी लावायचे, कपाळावर ओला रुमाल मी ठेवायचे. आईला अजूनही वाटतं, तुला ऊन बाधतं. तुझ्या नवऱ्यालाही तू धड सांगितलेलं नाहीस. डॉक्टरबाईंना माहीत असायचं कारणच नव्हतं. जगात हे एकाच माणसाला नीट माहीत होतं आणि नेमकं तेच काउंटरच्या आत उभं होतं. दुकानातल्या अकरा वर्षांत तो चमकण्याचा प्रश्न कुणालाही विचारायचा माझ्याकडून राहिला नाही. तुला विचारला नाही. विसरले असं लिहिलं तर तुला पटेल, पण मी विसरले नव्हते. शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात तू ते वाक्य बोललीस आणि माझ्या मनात आलं, हिला एवढं सगळं मिळालंय, नको म्हणायची चैनसुद्धा मिळाली आहे, हिची काळजी मीच का करायची?

तू गेल्यावर स्वतःची समजूत घातली. डॉक्टरांनी लिहून दिलंय, मी कोण मध्ये बोलणारी. दुसऱ्या दिवशी फोन करायचा ठरवलं, तर सकाळीच तू माझी ओढणी पांघरलेल्या छोटीचा फोटो पाठवलास. फोन ठेवून दिला. असं किती वेळा झालं ते सांगत नाही. पाच आठवडे गेले.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूचं ठाऊक नाही. त्या सकाळी तू ऑफिसातून फोन केलास, गंमत सांगावी तसा. म्हणालीस, आत्ता दहा मिनिटं डावा हात बधिर झाला होता, बोलायला गेले तर भलतेच शब्द आले, मैत्रिणी म्हणाल्या नाश्ता केला नसशील. मी काउंटर सोडून मागच्या खोलीत गेले. तुला म्हटलं, "ती गोळी आता घेऊ नकोस. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा, आणि रेघांचं सांग." तू विचारलंस, रेघांचा आणि गोळीचा काय संबंध. मी म्हटलं, "आहे." तू आणखी काही विचारलं नाहीस. माझ्यावर तुझा तेवढा विश्वास आहे.

तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, गुठळी आपोआप सुटली असावी, वेळेवर आलात, पुढच्या वेळी हात परत आला नसता. तेव्हापासून मी घरातली शहाणी झाले आहे. आई शेजारणींना सांगते की थोरलीने फोनवरून ओळखलं. तुझा नवरा दर फोनला माझे आभार मानतो. मालकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी मान खाली घालून ऐकत राहिले, लोकांना वाटलं लाजते आहे.

हे सगळं मी गिळून टाकलंही असतं. पण परवा तुमचा लिफाफा आला. तुम्हा दोघांना काही झालं तर छोटीचा सांभाळ मी करावा, असा कागद, तुमच्या दोघांच्या सह्या झालेल्या. माझ्या सहीच्या जागी तू पेन्सिलीने फुली मारली आहेस आणि खाली लिहिलं आहेस, 'तुझ्याइतकं जपणारं दुसरं कोण आहे?' मी पेन हातात घेतलं होतं, बारके. तो कागद मला किती हवा आहे ते तुला कळायचं नाही. पण तू जिच्या नावाने तो केलास ती बाई कशी वागली, ते तुला कळल्याशिवाय त्यावर सही करता येत नाही. कागद यासोबत परत पाठवते आहे, माझ्या सहीविना. मला माफ कर असं लिहिणार नाही, ते तुझं तू ठरव. तुझ्या नवऱ्यालाही हे पत्र दाखव. आणि दोघांनी वाचूनही तुम्हाला तसंच वाटलं, तरच तो पुन्हा पाठवा.

तू म्हणशील तोवर तुझीच,
ताई