सुपातला कोळसा

तोंडवली, शनिवार, दिवेलागण

सुटले एकदाची! तीन आठवडे जीव टांगणीला लागला होता. पोटॅशियम आणि निकेल मिसळलं की कोळशाचा गरम वाफेत लवकर वायू होतो, हे दाखवण्यात माझी दोन वर्षं गेली. आणि काहीच न मिसळलेला कोळसा वायू होण्यात त्याच्या मागोमाग धावत होता! मग माझ्या मिश्रणाचा उपयोग काय? माझ्या मार्गदर्शक सरांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

परवा आई अंगणात खारे बांगडे सुकत घालत होती. सूप झटकत म्हणाली, "ह्या सुपात तूच कोळसो सुकत घातललस मा गो? अजून काळा आसा."

मी सूप हातात घेतलं. कॉलेजातला ओव्हन बिघडला होता म्हणून साधा कोळसा मी घरी आणून त्या सुपात वाळवला होता. खाऱ्या बांगड्यांच्या सुपात! मिठातलं सोडियमसुद्धा पोटॅशियमसारखंच काम करतं, हे मी स्वतः मुलांना शिकवते. इतकी कशी बावळट मी?

आज कुडाळला कॉलेजात जाऊन, धुऊन मीठ काढलेला कोळसा वाफेत घातला. रेंगाळला बापडा! माझं मिश्रण कितीतरी पुढे.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मगे त्या म्हाग धातूंपरास मीठच घाल गो."

मी हसले आणि मध्येच थांबले. नुसतं मीठ घालून मी कधी बघितलंच नव्हतं. सोमवारी पहिलं तेच.

मूठभर खडेमीठ मागायला गेले, तर म्हणते, "सूपय व्हया?"